ब्रिटन आणि वऱ्हाड : व्यापक व प्रादेशिक अस्मितेचा वाङ्मयीन विचार

प्रस्तावना

मराठी समीक्षेत ‘प्रादेशिक’ हे विशेषण विपुल प्रमाणात वापरले जाते. परंतु ते कोणत्या साहित्यकृतीला लावावयाचे, याचा निकष क्वचितच स्पष्ट केला जातो. पुण्या-मुंबईच्या जीवनावरील कादंबरी ही केवळ कादंबरी असते. अमरावती, अकोला, वाशिम परिसरातील जीवनावरील कादंबरी मात्र ‘प्रादेशिक कादंबरी’ ठरते. वास्तविक पुणे हाही एक प्रदेशच आहे. इंग्रजी समीक्षेतही थॉमस हार्डी हा ‘वेसेक्स’चा प्रादेशिक कादंबरीकार मानला जातो, चार्ल्स डिकन्सच्या लंडनला सहसा कोणी प्रदेश म्हणत नाही. याचा अर्थ असा की, हे विशेषण साहित्यकृतीच्या स्वरूपापेक्षा नाव देणाऱ्याच्या स्थानाविषयी अधिक सांगते.

प्रस्तुत लेखात ब्रिटिश लोकांच्या व्यापक व प्रादेशिक अस्मितेच्या प्रश्नाशी वऱ्हाडातील मराठी साहित्याची तुलना करून या विशेषणाची चिकित्सा केली आहे. ही तुलना दोन कारणांनी उपयुक्त ठरते. एक म्हणजे ब्रिटन हे इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांचे संयुक्त राज्य असून तेथील नागरिकाला ‘मी इंग्लिश, स्कॉटिश, वेल्श की ब्रिटिश?’ हा प्रश्न सतत पडत आला आहे. दुसरे म्हणजे आपल्या महाविद्यालयांत स्कॉट, बर्न्स, स्टीव्हन्सन हे स्कॉटिश लेखक ‘इंग्रजी साहित्य’ याच नावाखाली शिकविले जातात. मोठे नाव लहान नावाला कसे पोटात घेते, याचा अनुभव त्यामुळे येथील प्राध्यापकांना दोन्ही भाषांत येतो.

संयुक्त अस्मितेचे कवी

इ.स. 1707 मध्ये इंग्लंड व स्कॉटलंड यांचे एकीकरण झाले. त्यानंतर अवघ्या 33 वर्षांनी, 1740 मध्ये, ‘रूल, ब्रिटानिया’ हे गीत प्रथम सादर झाले. ब्रिटिश अभिमानाचे प्रतीक ठरलेल्या या गीताचा कर्ता म्हणून मानला जाणारा जेम्स थॉमसन हा स्कॉटलंडच्या सीमाप्रदेशात जन्मलेला कवी होता. इंग्लंडमधील माणसाला ‘इंग्लिश’ ही ओळख पुरेशी होती. ‘ब्रिटिश’ या नव्या ओळखीची निकड स्कॉटिश माणसाला अधिक होती, कारण त्या नावाखाली तो बरोबरीने उभा राहू शकत होता. इतिहासकार लिंडा कॉली यांनी ‘ब्रिटन्स’ (1992) या ग्रंथात ब्रिटिश अस्मिता ही 1707 नंतर घडविली गेलेली अस्मिता आहे, असे प्रतिपादन केले आहे. या घडणीत सीमेवरील लेखकांचा वाटा मोठा होता, हे थॉमसनच्या उदाहरणावरून दिसते.

महाराष्ट्राच्या बाबतीत असेच घडले आहे. ‘महाराष्ट्रगीत’ लिहिणारे श्रीपाद कृष्ण कोल्हटकर यांचा जन्म 1871 मध्ये नागपूरचा. त्यांची वकिली अकोला, खामगाव, जळगाव जामोद या वऱ्हाडी गावांत झाली. त्यांचे निधन 1934 मध्ये, म्हणजे महाराष्ट्र राज्य अस्तित्वात येण्यापूर्वी 26 वर्षे झाले. ज्या वऱ्हाडात ते राहिले, तो 1853 मध्ये निजामाने इंग्रजांच्या स्वाधीन केला होता. नाममात्र सार्वभौमत्व निजामाचे, कारभार इंग्रजांचा आणि 1903 पासून प्रशासकीय जोड हिंदीभाषी मध्य प्रांताशी, अशी या प्रदेशाची तिहेरी अवस्था होती. अशा ठिकाणी राहून कोल्हटकरांनी एका अखंड महाराष्ट्राची कल्पना शब्दबद्ध केली. 2023 मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळालेल्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीताचे कवी राजा बढे हेही नागपूरचेच. व्यापक अस्मिता केंद्रात जन्मते आणि प्रदेशाकडे पसरते, हा सार्वत्रिक समज या उदाहरणांपुढे टिकत नाही. केंद्रातील माणसाला व्यापक नाव आयते मिळालेले असते; सीमेवरील माणसाला ते मिळवावे लागते.

विदर्भ : नावाचा प्रदेश आणि नावाचा गुण

वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच वत्सगुल्म नगरीत लावला आहे. संस्कृत काव्यशास्त्रात ‘वैदर्भी’ ही श्रेष्ठ रीती मानली गेली. येथे प्रदेशाचे नाव हे मर्यादेचे चिन्ह नसून गुणाचे नाव आहे; भारताच्या कोणत्याही भागातील कवी वैदर्भी रीतीत लिहू शकत होता. या रीती त्या त्या प्रदेशातील कवींच्या रचनेत आढळल्या म्हणून त्यांना प्रदेशांची नावे मिळाली, प्रदेश स्वतः काव्यात काही गुण उत्पन्न करीत नाही, असा खुलासा वामनाने केला आहे. आजच्या समीक्षेतील ‘प्रादेशिक’ या संज्ञेहून ही भूमिका अधिक प्रगल्भ आहे.

आधुनिक काळात या प्रदेशाचे नाव मात्र प्रशासनाच्या सोयीने बदलत गेले. इंग्रजी अमलात वाशिम हा स्वतंत्र जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडून त्याचे तालुके शेजारच्या जिल्ह्यांना जोडण्यात आले. 1 जुलै 1998 रोजी अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन तो पुन्हा निर्माण झाला. 1955 मध्ये राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली. 1956 मध्ये हा भाग द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि 1 मे 1960 रोजी महाराष्ट्रात. शतकभरात चार-पाच प्रशासकीय ओळखी बदलूनही लोकांच्या तोंडची बोली टिकून राहिली. म्हणून वऱ्हाडी अस्मितेचा शोध नकाशापेक्षा भाषेत घेणे अधिक सयुक्तिक ठरते.

निवेदनाची भाषा आणि संवादाची भाषा

1939 मध्ये उजेडात आलेला द्वितीय विंध्यशक्तीचा वाशिम ताम्रपट या दृष्टीने उद्बोधक आहे. त्यात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आहे, तर प्रत्यक्ष दानाचा व्यवहार प्राकृतात नोंदविला आहे. प्रतिष्ठेची भाषा एक आणि व्यवहाराची दुसरी, अशी ही विभागणी आहे. आधुनिक कादंबरीत हीच विभागणी निवेदन आणि संवाद यांच्यात दिसते.

वॉल्टर स्कॉटच्या ‘द हार्ट ऑफ मिडलोथियन’ (1818) या कादंबरीत जीनी डीन्स ही सामान्य घरातील मुलगी बहिणीच्या माफीसाठी स्कॉटलंडहून लंडनला जाते. तिचे बोलणे स्कॉट बोलीत आहे. परंतु तिच्याविषयी बोलणारा निवेदक इंग्रजीत बोलतो. वाचकाला जीनीविषयी आदर वाटतो, मात्र तिच्याकडे पाहण्याची जागा इंग्रजी भाषेतलीच राहते. उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (1960) या कादंबरीत कौतिक आणि तिच्या भोवतालची माणसे वऱ्हाडीत बोलतात. दारिद्र्याशी झुंजणाऱ्या या स्त्रीचे सामर्थ्य तिच्या बोलीतून जितके प्रकटते, तितके अन्य कशातून प्रकटत नाही. तरीही निवेदनाचा कणा प्रामुख्याने प्रमाण मराठीचाच आहे. यात लेखकाचा दोष नाही. ज्या वाचकवर्गापर्यंत पोहोचावयाचे, त्याच्या भाषेचा तो स्वीकार आहे. समीक्षेने मात्र या स्वीकाराची किंमत नोंदविली पाहिजे. ‘धग’चे कौतुक ‘वऱ्हाडी बोलीचा गोडवा’ एवढ्यावर थांबते, तेव्हा कौतिकचे दुःख बाजूला पडते आणि तिचा उच्चार तेवढा उरतो.

याच्या उलट लुईस ग्रासिक गिबन याने ‘सनसेट साँग’ (1932) मध्ये निवेदनालाच ईशान्य स्कॉटलंडच्या बोलीची लय दिली. त्याची नायिका ख्रिस गथ्री ही दुभंगलेली आहे: शाळेची व पुस्तकांची भाषा तिला इंग्रजीकडे ओढते, शेतीची माती स्कॉटलंडकडे. सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ (2002, साहित्य अकादमी पुरस्कार 2004) मधील एकनाथ हा उच्चशिक्षित शेतकरीपुत्र अशाच कात्रीत सापडला आहे. शिक्षणाने दिलेली भाषा नोकरी देत नाही आणि घरच्या भाषेतील शेती जगू देत नाही. ख्रिसपुढील प्रश्न प्रामुख्याने ओळखीचा आहे. एकनाथपुढील प्रश्न ओळखीबरोबर उपजीविकेचाही आहे. कोरडवाहू शेतीच्या प्रदेशात अस्मिता आणि अर्थकारण वेगळे करता येत नाहीत, ही ‘बारोमास’ने घातलेली महत्त्वाची भर होय. विठ्ठल वाघ यांच्या कवितेत आणि प्रतिमा इंगोले यांच्या कथेत वऱ्हाडी बोलीने पात्रांच्या तोंडातून बाहेर पडून रचनेचा ताबा घेतला, हाही या प्रवासातील पुढचा टप्पा मानावा लागतो.

बोलीच्या आतील बोली

वऱ्हाडी अस्मितेची बाजू मांडताना तिची मर्यादाही तपासणे आवश्यक आहे. विदर्भ एकजिनसी नाही; पूर्व विदर्भातील झाडीबोलीचा प्रवाह स्वतंत्र आहे. खुद्द वाशिम जिल्ह्यात मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे श्रद्धास्थान आहे आणि तांड्यांवर गोरबोली बोलली जाते. तांड्यावरून शाळेत येणाऱ्या मुलाला प्रमाण मराठी परकी असते, तशी वऱ्हाडीही शेजारची भाषा असते. पुण्याच्या प्रमाणभाषेविषयी वऱ्हाडी लेखकाची जी तक्रार आहे, तीच तक्रार गोरबोलीचा लेखक वऱ्हाडीविषयी करू शकतो. वीरा राठोड यांनी ‘सेन सायी वेस’ या मराठी काव्यसंग्रहाला गोरबोलीतील प्रार्थनेचे शीर्षक दिले. 2015 मध्ये त्यास साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार मिळाला.

जातीचा प्रश्नही येथे टाळता येत नाही. वाशिम जिल्ह्यातील कादंबरीकार नामदेव कांबळे यांच्या ‘राघववेळ’ला 1995 मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दलित जीवनाचे चित्रण करणाऱ्या या कादंबरीला ‘वऱ्हाडी’ म्हणावे, ‘दलित’ म्हणावे की ‘मराठी’, हा प्रश्न समीक्षेच्या वर्गीकरणातील अपुरेपणा दाखवितो. ही तिन्ही नावे खरी आहेत. यांपैकी एकच निवडण्याची सक्ती खोटी आहे.

या सक्तीचा परिणाम ब्रिटनच्या जनगणनेत पाहावयास मिळतो. इंग्लंड व वेल्समध्ये 2011 साली केवळ ‘ब्रिटिश’ ही ओळख सांगणारे 19.1 टक्के होते. 2021 मध्ये ते 54.8 टक्के झाले. केवळ ‘इंग्लिश’ म्हणविणारे 57.7 टक्क्यांवरून 14.9 टक्क्यांवर आले. दहा वर्षांत लोकांचे मन एवढे पालटले असे नव्हे. इंग्लंडमधील प्रश्नावलीत ‘ब्रिटिश’ हा पर्याय सर्वप्रथम आणल्याचा हा परिणाम असण्याची शक्यता तेथील सांख्यिकी कार्यालयानेच नमूद केली. भारताच्या 2011 च्या जनगणनेत बंजारी व लमाणी या मातृभाषांची गणना हिंदीच्या गटात झाली आणि वऱ्हाडी मराठीतच सामावली गेली. लोक स्वतःला काय म्हणवितात, हे बहुतांशी त्यांच्यापुढे कोणते रकाने ठेवले जातात यावर ठरते. समीक्षेतील ‘प्रादेशिक’, ‘ग्रामीण’, ‘दलित’ हेही असेच रकाने आहेत.

2014 मध्ये स्कॉटलंडच्या जनमतात 55.3 टक्के मतदारांनी ब्रिटनमध्ये राहण्याच्या बाजूने कौल दिला. तरी त्यामुळे स्कॉटिश अस्मिता संपली नाही. राजकीय प्रश्नाचे उत्तर हो किंवा नाही असे देता येते. वाङ्मयीन अस्मितेचे उत्तर तसे देता येत नाही. स्वतंत्र विदर्भाच्या मागणीसंबंधी कोणाचे मत काहीही असो, ‘धग’ हे मराठी कादंबरीचे आणि वऱ्हाडचे एकाच वेळी धन आहे.

निष्कर्ष

1. व्यापक अस्मितेच्या निर्मितीत सीमाप्रदेशातील लेखकांचा वाटा पायाभूत असतो. थॉमसन, कोल्हटकर आणि बढे ही त्याची उदाहरणे होत.

2. ‘प्रादेशिक’ हे विशेषण वापरावयाचे असेल तर ते सर्व प्रदेशांना सारखे लावावे. अन्यथा ते वर्णन न राहता श्रेणी बनते.

3. बोलीतील साहित्याचे मूल्यमापन करताना बोली कोठे आहे, केवळ संवादात की निवेदनातही, हे पाहावे. उच्चाराचे कौतुक हे आशयाच्या आकलनाला पर्याय ठरू शकत नाही.

4. वऱ्हाडीसाठी मागितलेला न्याय गोरबोलीला नाकारता येणार नाही. वाशिम जिल्ह्यातील मराठीच्या वर्गात तांड्यावरून आलेला विद्यार्थी बसलेला असतो. ‘धग’ शिकविताना त्याची भाषाही चर्चेत आली, तरच कौतिकची भाषा त्या वर्गात खऱ्या अर्थाने ऐकली गेली असे म्हणता येईल.