आप्तांचा पहारा

शोकनाट्यांची चर्चा करतांना आपले टीकाकार नायकाच्या स्वभावदोषाचा, दैवाचा आणि परिस्थितीचा विचार कसोशीनें करतात. परंतु त्याच्या शेजारीं जीं माणसें वावरत असतात, त्यांनीं काय पाहिलें, काय ओळखलें व काय केलें, हा प्रश्न बहुधा कोणी विचारीत नाहीं. जेथें एखादें पात्र स्वतःच्या हातानें आयुष्याचा शेवट करूं पाहतें, तेथें हा प्रश्न टाळणें म्हणजे नाटकाचा अर्धा अर्थ टाळणें होय. या दृष्टीनें आम्ही तीन प्रसंग वाचकांपुढें ठेवूं इच्छितों. त्यांपैकीं दोन शेक्सपिअरचे आहेत, एक आर्थर मिलर याचा. आमचें म्हणणें थोडक्यांत असें कीं, आप्तांचें प्रेम असूनही आणि आप्तांची नजर असूनही माणूस हातचा जाऊं शकतो. कारण त्या दोहोंना उघड बोलण्याची जोड लागते.

‘हॅम्लेट’ मराठी वाचकांना नवें नाहीं. आगरकरांनीं १८८३ सालीं तें ‘विकारविलसित’ या नांवानें मराठींत आणलें. त्यांतील ऑफेलियेला उपदेश करणारे पुष्कळ आहेत. भाऊ लेआर्टीझ परदेशीं जातांना तिला सावध करतो. बाप पोलोनियस तिला हॅम्लेटशीं बोलण्याची बंदी करतो आणि पुढें हॅम्लेटचें मन हुडकण्यासाठीं तिचाच उपयोग करतो. तिच्या मनांत काय चाललें आहे, हें विचारणारें मात्र त्या घरांत कोणी नाहीं. बाप मारला जातो आणि तिचें भान सुटतें. तेव्हां तिच्यावर नीट नजर ठेवावी, अशी राजा आज्ञा करतो. पहारा बसतो खरा, पण तो परक्यांचा. भाऊ परत येतो, तिची दशा पाहून विलाप करतो, आणि ती दृष्टीआड होतांच राजाशीं बापाच्या सूडाचा बेत करीत बसतो. तो बेत पुरता ठरतो न ठरतो तोंच राणी तिच्या बुडण्याची वार्ता घेऊन येते. हा अपघात कीं आत्मघात, हा वाद शेक्सपिअरनें कबर खणणाऱ्यांच्या तोंडीं घातला आहे. पुढें लेआर्टीझ बहिणीच्या कबरेंत उडी घेतो. जी जवळीक तिला जिवंतपणीं हवी होती, ती तिला तेथें मिळाली.

‘किंग लिअर’ची ओळख आपल्या प्रेक्षकाला मुख्यतः शिरवाडकरांच्या ‘नटसम्राट’मुळें (१९७०) आहे, परंतु त्यांत ग्लॉस्टर आणि एडगर यांचें उपकथानक नाहीं, आणि आमच्या विषयाला तर तेंच महत्त्वाचें. अनौरस मुलाच्या कपटाला भुलून ग्लॉस्टर निरपराध एडगराचा जीव घ्यावयास निघालेला असतो. पुढें शत्रू त्याचे डोळे काढतात, सत्य त्याला कळतें, आणि डोव्हरच्या कड्यावरून देह टाकण्याचा तो निश्चय करतो. वाट दाखवावयास त्याला मिळतो तो एक वेडा भिकारी; आणि तो भिकारी म्हणजे वेष पालटलेला एडगरच. मुलगा बापाला सपाट जागेवर नेतो, कडा आला असें भासवितो, आणि बाप पुढें पडल्यावर आवाज बदलून त्याला पटवितो कीं, एवढ्या उंचीवरून पडूनही देवांनीं तुला वांचविलें. म्हातारा जगण्यास कबूल होतो.

या प्रसंगाला कित्येकांनीं असंभाव्य म्हणून नांवें ठेविलीं आहेत. आम्हांस त्यांत मानवी स्वभावाचें खोल ज्ञान दिसतें. एडगर बापाला ‘असा विचार करूं नये’ म्हणून झिडकारीत नाहीं, त्याला पापपुण्य सांगत नाहीं. तो त्याचा हात धरून बरोबर चालतो. शिवाय एकदां वांचविल्यानें काम संपत नाहीं, हेंही शेक्सपिअर जाणतो. लिअरचा पक्ष हरल्याची बातमी येतांच ग्लॉस्टर पुन्हा खचतो आणि एडगराला त्याला पुन्हा ओढून न्यावें लागतें.

परंतु एडगर आपली ओळख लपवितो. ज्या मुलाला अंतरल्याचें शल्य बापाला जाळीत आहे, तो मुलगा जवळ असूनही बापाला ठाऊक नाहीं. अखेरच्या अंकांत एडगर स्वतःच हा आपला अपराध म्हणून कबूल करतो. द्वंद्वयुद्धाला निघण्यापूर्वीं तो ओळख देतो, तेव्हां ग्लॉस्टरचें जीर्ण हृदय आनंद आणि दुःख यांच्या ओढाताणींत फुटतें. एडगराच्या युक्तीनें बापाचा प्राण वांचला, पण त्याचें दुःख तसेंच राहिलें. ‘मी तुमचा मुलगा आहें’ हे शब्द फार उशिरां आले.

तिसरा प्रसंग मिलरच्या ‘डेथ ऑफ ए सेल्समन’ या नाटकांतला आहे. १० फेब्रुवारी १९४९ रोजीं तें न्यूयॉर्कमध्यें प्रथम रंगभूमीवर आलें. येथें राजा नाहीं, कडा नाहीं. ब्रुकलिनमधलें मध्यमवर्गीय घर आहे, आणि म्हणूनच तें आपल्याला अधिक बोंचतें. विली लोमन हा थकलेला फिरता विक्रेता जीव द्यावयाच्या विचारांत आहे, हें पत्नी लिंडेला ठाऊक आहे. तिला घरांत तें साधनही सांपडतें. ती तें रोज काढून ठेविते आणि तो घरीं येण्यापूर्वीं पुन्हा जागच्या जागीं ठेविते. कां, तर त्याचा अपमान होऊं नये म्हणून. एवढें प्रेम आणि एवढी असहायता एकाच कृतींत क्वचितच पहावयास मिळेल. ती मुलांना हें सांगते, त्यांना खडसावते. विलीजवळ मात्र एक अक्षर काढीत नाहीं.

येथें कोणी आम्हांस अडवील कीं, थोरला मुलगा बिफ अखेर तें साधन बापासमोर मांडतो, ढसढसां रडतो, आणि तरीही विली मरतोच; मग उघड बोलण्याचा उपयोग काय? आक्षेप खरा आहे. परंतु तें बोलणें केव्हां व कसें झालें, हेंही पाहिलें पाहिजे. त्याच संध्याकाळीं दोघे मुलगे बापाला उपाहारगृहांत एकटा टाकून निघून गेलेले असतात. घरांतील सगळीं सत्यें एकाच रात्रीं, संतापाच्या भरांत बाहेर पडतात. मुलाचें आपल्यावर प्रेम आहे, एवढें विलीला उमगतें. पण त्या प्रेमाची फेड विम्याच्या पैशानें करावी, हें वेड त्याच्या डोक्यांतून काढावयास त्या रात्रीं कोणी त्याच्याजवळ बसत नाहीं.

हीं नाटकें कांहीं वैद्यकाचे ग्रंथ नव्हत, हें आम्हांस मान्य आहे. तथापि त्यांनीं दाखविलेलें आजच्या अनुभवाशीं चांगलें जुळतें. ‘जीव द्यावासा वाटतो का?’ असें विचारल्यानें तो विचार मनांत रुजतो, हा समज संशोधनानें खरा ठरलेला नाहीं. घातक साधन आवाक्याबाहेर ठेविल्यानें जीव वांचतात, हें मात्र पुष्कळदां सिद्ध झालें आहे. कारण तो भर पुष्कळदां ओसरणारा असतो. लिंडेनें तें साधन काढलें, हें योग्यच केलें. परत ठेविलें, हें चुकलें.

मात्र घर म्हणजे नेहमींच आसरा, अशी समजूत कोणी करून घेऊं नये. राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या नोंदीप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १,७०,९२४ आत्महत्या झाल्या, त्यांपैकीं ३१.७ टक्क्यांच्या मुळाशीं कौटुंबिक समस्या असल्याचें नोंदलें गेलें. म्हणजे ज्या घरानें पहारा करावयाचा, पुष्कळदां त्याच घरांत जखम झालेली असते. ग्लॉस्टरच्या घरींही तेंच होतें. म्हणून आप्तांचें पहिलें काम उपदेशाचें नसून ऐकण्याचें आहे. आणि घरांतल्यांशीं बोलवत नसेल, तर बाहेरचें दार दाखविणें हेंही आप्तांचेंच काम. १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनिसेवा १४४१६ या क्रमांकावर चालू आहे.

पूर्वीं कायद्याचें भय हें मौनाला एक कारण होतें. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारें कलम २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें बव्हंशीं निष्प्रभ केलें, आणि १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेंत तें सरसकट कलम उरलें नाहीं. आतां उरलें आहे तें लोक काय म्हणतील याचें भय. तें घालविणें कोणत्याही कायद्याच्या हातीं नाहीं. तें ज्याच्या त्याच्या घरांतच गेलें पाहिजे. आपल्या माणसाचा अपमान होईल म्हणून गप्प बसणाऱ्या लिंडा आपल्याकडेही घरोघर आहेत. विचारण्यानें अपमान होत नसतो; विचारल्यानें, आपण कोणाला तरी हवे आहों, एवढें त्या माणसाला कळतें, आणि एडगराला जें फार उशिरां सांगतां आलें तें वेळेवर सांगितलें जातें.