‘स्मृतिचित्रें’ आणि समतोल विकासाची कल्पना

अंधेरी काय, बोरिवली काय किंवा मुलुंड काय, आमच्या उपनगरांत हल्लीं ‘व्यक्तिमत्त्व-विकासा’च्या वर्गाची एखादी तरी पाटी दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहीं. ख्रिस्ती मंडळींत ही कल्पना बरीच जुनी आहे. लूकाच्या शुभवर्तमानांत दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस येशूच्या वाढीचा उल्लेख येतो. ज्ञान, शरीर, देवाची कृपा आणि माणसांची प्रीति अशीं चार अंगें त्यांत सांगितलीं आहेत. या एका वचनावर पुढें पुष्कळ इमारत उठली. १८९१ सालीं अमेरिकेंत ल्यूथर गुलिक यांनीं वाय. एम. सी. ए. करितां शरीर, मन व आत्मा यांचा त्रिकोण योजिला. हेतु उत्तम होता. परंतु माणूस अशा आंखलेल्या बाजूंनीं वाढतो काय, ही शंका आम्हांस नेहमीं येते. आणि ती आली म्हणजे लक्ष्मीबाई टिळकांचीं ‘स्मृतिचित्रें’ आम्ही पुन्हा हातीं घेतों.

१९३४ ते १९३६ या काळांत चार भागांत निघालेल्या या आत्मचरित्राची कीर्ति त्यांतील विनोदामुळें झाली, व ती यथार्थच आहे. मात्र हंसतां हंसतां वाचकाचें एका गोष्टीकडे दुर्लक्ष होतें. नारायण वामन टिळकांनीं १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि त्या दिवसापासून लहान मुलाला पोटाशीं धरून त्यांच्या पत्नीनें चार-पांच वर्षें नातलगांच्या आश्रयानें काढलीं. टिळकांना लाभलेल्या सत्यास आम्ही कमी लेखीत नाहीं. पण त्याचें मोल कोणाच्या गांठचें गेलें? देवाकडे जाणारा हा पुरुष घराला पाठमोरा झाला होता, हें म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं. बाई स्वतः आरोप करीत नाहींत, आणि सफाईही देत नाहींत. काय घडलें तें सांगतात व पुढें चालू लागतात. हा संयम कलावंताचा कीं पत्नीचा, याचा निर्णय आमच्यानें होत नाहीं.

लक्ष्मीबाईंची स्वतःची वाढ अगदीं निराळ्या वाटेनें झाली. वडिलांचें सोंवळें असें कडक, कीं सारें घर त्यापायीं जेरीस आलेलें; शाळा ठाऊक नाहीं. त्या पतीकडे परत आल्या त्या पतीकरितां. त्याच्या धर्माकरितां नव्हे. प्रथम चूलही निराळी मांडली. मग केव्हां तरी, जात देवानें केली कीं माणसांनीं, हा प्रश्न त्यांनीं स्वतःच्या मनाशीं सोडविला आणि कोणाच्याही हातचें खाण्याचें ठरविलें. बाप्तिस्मा त्यानंतरचा, १९०० सालचा. हा क्रम आम्हांस फार महत्त्वाचा वाटतो. १८५४ सालीं ख्रिस्ती झालेले बाबा पदमनजी यांच्या ‘अरुणोदया’त शंका, वाद आणि ग्रंथ यांच्या पायऱ्यांनीं माणूस श्रद्धेपर्यंत चढतो. येथें आधीं पंगत बदलली, श्रद्धा मागाहून आली. लूकानें शेवटीं ठेवलेलें अंग या बाईच्या ठायीं सर्वांत आधीं वाढीस लागलें!

आमचे एक ख्रिस्ती सहाध्यापक यावर म्हणतात, “टिळक समतोल असते, तर बाई जलालपुरासच राहिल्या असत्या.” आक्षेप खरा आहे, पण अर्धाच. टिळकांच्या अंगीं तो बेभानपणा नसता तर बाईंच्या वाट्याला तें दुःख आलें नसतें, आणि त्या दुःखावांचून हें पुस्तकही कदाचित् झालें नसतें. परंतु टिळकांनीं ज्यांना घर दिलें, त्या अनाथ मुलांना आणि बालकवि ठोंबऱ्यांसारख्या मनस्वी पोराला रोज जेवूं कोणी घातलें? चरित्रकार टिळकांच्या औदार्याचें वर्णन करतात; पिठाचा डबा बाईंनाच दिसतो. समतोल हा शब्द वापरायचाच असेल, तर तो एका माणसांत शोधण्याऐवजीं त्या दोघांच्या संसारांत शोधावा, असें आम्हांस वाटतें; आणि त्या तराजूचें जड पारडें कोणी पेललें, तें पुस्तकाच्या पानोपानीं दिसतें.

९ मे १९१९ रोजीं टिळक वारले, तेव्हां त्यांचें ‘ख्रिस्तायन’ अपुरें राहिलें होतें. त्यांच्या हातून जेमतेम दहा-अकरा अध्याय झाले होते. पुढचे साठांहून अधिक अध्याय ह्या शाळा न पाहिलेल्या विधवेनें लिहिले.