गिरगोट्या आणि त्यांचे नाव

बालचित्रांच्या विकासाची मांडणी करताना गिरगोट्या ही पहिली अवस्था व ओळखता येणारी आकृती ही पुढची, असे धरून चालण्याचा प्रघात आहे. ह्या दोहोंच्या मध्ये नेमके काय घडते, ह्याची चर्चा मात्र बहुधा दोन वाक्यांत उरकली जाते. वस्तुतः साऱ्या मांडणीचा कस येथेच लागतो; कारण दोन-तीन वर्षांच्या मुलाची अवस्था कागदावरील रेघांइतकीच त्याच्या बोलण्यावरून ठरविली जाते.

ऱ्होडा केलॉग ह्यांनी १९६९ च्या आपल्या ग्रंथात बोलणे वगळूनच हा प्रश्न सोडवू पाहिला. सान फ्रान्सिस्को येथे बालशाळांचे काम पाहताना जमविलेल्या प्रचंड संग्रहावरून त्यांनी २० मूलभूत गिरगोट्या निश्चित केल्या : ठिपका, उभी, आडवी व तिरपी रेघ, नागमोडी रेघ, वेटोळे इत्यादी. त्यांच्या संयोगांतून मंडल, मंडलातून सूर्य, सूर्यातून माणूस, असा क्रम त्या लावतात. अर्थ दूर ठेवून केवळ आकार तपासण्याची ही रीत भाषाभ्यासकाला ओळखीची वाटेल. अमेरिकन वर्णनात्मक भाषाविज्ञानातील एका पंथाने हेच केले होते. पण साम्य तेवढेच. ‘काल’ आणि ‘गाल’ ह्यांत क व ग वेगळे स्वनिम ठरतात ते त्यांच्या भेदाने शब्द बदलतो म्हणून. आडव्या रेघेच्या जागी तिरपी रेघ आल्याने मुलाच्या लेखी काय बदलते, हे केलॉग दाखवीत नाहीत. तेव्हा २० ही संख्या मुलाच्या व्यवस्थेतील नसून वर्गीकरण करणाऱ्याच्या नजरेतील आहे.

झॉर्झ-आंरी ल्यूके ह्यांची जमीन अधिक भक्कम आहे. १९१३ मध्ये त्यांनी स्वतःच्या मुलीच्या चित्रांवर ग्रंथ लिहिला व १९२७ मध्ये वास्तवाच्या चार पायऱ्या मांडल्या : योगायोगाचे, फसलेले, बौद्धिक आणि दृश्य वास्तव. सहज ओढलेल्या रेघेत मुलाला अकस्मात साम्य दिसते आणि ते तिला नाव देते, हे त्यांचे निरीक्षण मोलाचे आहे. ‘फसलेले’ हे विशेषण मात्र खटकते. डोक्यालाच पाय फुटलेला माणूस काढणारे मूल धड विसरले, असे म्हणणे म्हणजे ‘बाबा भूर’ म्हणणारे मूल क्रियापद विसरले असे म्हणण्यासारखे आहे. बालभाषेच्या अभ्यासाने ही दृष्टी केव्हाच टाकली.

व्हिगॉट्स्की ह्यांनी नावाचे स्थान पाहिले : प्रथम ते चित्र पुरे झाल्यावर येते, मग चित्र चालू असता, आणि अखेर चित्रापूर्वी. ह्या क्रमात नाव हे चित्राचे वर्णन न राहता त्याची योजना बनते. ह्याहून सूक्ष्म कसोटी ह्या विषयात क्वचितच आढळेल. तिच्यात एकच धोका आहे. नाव पुष्कळदा मोठ्यांच्या प्रश्नाला उत्तर म्हणून येते. मराठीत तर प्रश्नच अर्धे उत्तर देतो : रेघोट्या ‘ओढतात’ वा ‘मारतात’, चित्र ‘काढतात’. ‘काय काढलेस?’ असे विचारताच गिरगोटीचे चित्र झालेले असते. मुलाने फक्त शब्द पुरवायचा. म्हणूनच तीच गिरगोटी आता कुत्रा, घटकेने गाडी होते. अशा उत्तरावरून अवस्था ठरविणे धाडसाचे आहे. चित्रामागे वय आणि नाव टिपून भागत नाही; आधी कोण बोलले, आणि त्या वेळी मुलाचा हात चालू होता की थांबला होता, हेही नोंदवावे लागते.