दोन झाशी आणि एक प्रवासी

मराठी वाचकाच्या मनातील झाशी प्रामुख्याने विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ या ग्रंथातून साकारलेली आहे. तीत किल्ला आहे, राणी आहे आणि १८५८चा वेढा आहे. याच शहरात संत ज्यूड यांचे तीर्थस्थान आहे, याची जाणीव मात्र या वाचकाला सहसा नसते. झाशीचा कॅथलिक धर्मप्रांत १९५४ साली स्थापन झाला. त्याचे पहिले बिशप फ्रान्सिस झेवियर फेनेक यांनी हे तीर्थस्थान उभारले. संत ज्यूड यांच्या अस्थीचा अंश त्याच्या पायात ठेवला आहे, अशी श्रद्धा आहे. २८ ऑक्टोबरच्या सणाला येथे दूरदूरचे भाविक येतात.

मार्गदर्शकासह निघालेल्या सहली या शहराचे दोन भाग करतात. इतिहासाचे प्रवासी किल्ला आणि राणीमहाल पाहून ओरछाकडे वळतात. संत ज्यूड यांचे भाविक प्रार्थना करून परततात. मार्गदर्शकाचे निवेदन पूर्वनिश्चित असते आणि आपल्या श्रोत्यांना जे ऐकायचे आहे तेवढेच ते सांगते. प्रवासवर्णनाने या निवेदनाची री ओढली, तर त्याला माहितीपत्रकाहून अधिक मोल राहत नाही.

गोडसे यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. वरसईचा हा भिक्षुक १८५७ साली घराबाहेर पडला तो यज्ञाची दक्षिणा मिळावी आणि तीर्थे घडावीत म्हणून. बंडाचे वर्णन करणे हा त्याचा हेतू नव्हता. तरीही झाशीतील कत्तल समोर आली, तेव्हा त्याने दृष्टी वळवली नाही आणि पुढे गंगेची कावड घरी आणण्याचा संकल्पही सोडला नाही. श्रद्धा आणि साक्ष यांचे हे सहअस्तित्व हेच त्या ग्रंथाचे वाङ्मयीन सामर्थ्य होय.

झाशीतील ख्रिस्ती तीर्थाविषयी लिहिणाऱ्याची कसोटी याच ठिकाणी लागते. जून १८५७मध्ये झोकनबागेत युरोपीय स्त्रिया-मुलांची हत्या झाली. एप्रिल १८५८मध्ये इंग्रज फौजेने शहरातील रहिवाशांना कापून काढले. ख्रिस्ती म्हणजे इंग्रज, हे समीकरण या आठवणींतून सहज बळावते. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्तभक्तीला अभंग-ओवीचे रूप देऊन मराठीपुरते ते केव्हाच मोडीत काढले आहे. म्हणून नवस, जत्रा, दर्शन हे शब्द या तीर्थाच्या वर्णनात परके वाटण्याचे कारण नाही. मात्र केवळ ओळखीचे शब्द वापरून तेथील अनुभव आपलासा होत नाही. संत ज्यूड हे सर्व आशा सुटलेल्यांचे कैवारी मानले जातात. तेथे गुडघे टेकणाऱ्याची व्यथा त्याच्या शेजारी उभे राहूनच समजून घ्यावी लागते आणि सहलीच्या वेळापत्रकात तेवढा अवकाश नसतो.

पायातील अस्थी कोणालाच दिसत नाही. मार्गदर्शक ‘सांगतात’ म्हणून पुढे जातो. भाविकाला पुराव्याची गरज भासत नाही. लेखकाने त्या ‘सांगतात’चा उपहास करू नये आणि त्याला इतिहासही ठरवू नये. ज्याच्या लेखनात झोकनबाग, लुटले गेलेले शहर आणि संत ज्यूड यांच्यापुढील मेणबत्ती एकाच झाशीत नांदतील, तोच गोडसे यांचा खरा वारसदार ठरेल.