आपला माणूस आणि आपलं पाणी : खान्देशातील नेतृत्व, जात आणि विकास

(व्याख्यानाचे शब्दांकन)



आजचा विषय पत्रिकेवर मोठा भारदस्त छापला आहे : नेतृत्व, जातीय राजकारण आणि राष्ट्राचा आर्थिक विकास. विषय राष्ट्राचा असला तरी आम्ही तो जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांवर तपासून पाहणार आहोत. कारण सरळ आहे. राष्ट्र म्हटलं की आपण सगळेच मोकळेपणाने बोलतो. तालुक्याचं नाव निघालं की इकडेतिकडे बघून आवाज खाली आणतो. जिथे आवाज खाली येतो तिथेच खरा विषय असतो, असे आमचे मत आहे.

या विषयातला एक गाजलेला सिद्धांत आधी समजून घेऊ. १९९७ साली विल्यम ईस्टर्ली आणि रॉस लेव्हिन या दोन अर्थशास्त्रज्ञांनी आफ्रिकेच्या मंद वाढीवर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : ज्या देशात वेगवेगळ्या जमाती एकमेकींशी स्पर्धा करतात, तिथे सरकारी धोरणं बिघडतात. रस्ते, शाळा, वीज अशा सगळ्यांच्या उपयोगाच्या गोष्टींवर एकमत होत नाही. जो सत्तेवर येतो तो आपल्या लोकांचं बघतो, आणि देश मागे पडतो. तिकडे जमात म्हणतात, इकडे आपण जात म्हणतो, एवढाच फरक.

ऐकायला हे पटतं. पण हा सिद्धांत जसाच्या तसा खान्देशाला लावला तर काय होतं बघा. आपल्याकडे लेवा पाटील आहेत, मराठा आहेत, गुजर आहेत, माळी, कोळी, धनगर, बंजारा आहेत, दलित आहेत, मुसलमान आहेत, व्यापारात मारवाडी-गुजराती आहेत, सातपुड्यात भिल्ल आणि पावरा आहेत. भाषासुद्धा एक नाही. धुळ्याकडे अहिराणी, यावल-रावेरकडे लेवा गणबोली, डोंगरात भिलोरी आणि पावरी. मग सिद्धांताप्रमाणे इथे काहीच उभं राहायला नको होतं.

पण उभं राहिलं. अमळनेरला १९०६ साली प्रताप मिल निघाली. ती काढणाऱ्या प्रतापशेठजींनी त्याच गावात तत्त्वज्ञान मंदिर उभारलं. १९४५ साली मोहम्मद हुसेन हाशम प्रेमजी यांनी अमळनेरातच वनस्पती तुपाची कंपनी काढली. तीच पुढे विप्रो झाली. १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं पहिलं ग्रामीण अधिवेशन फैजपूरला भरलं. धनाजी नाना चौधरींसारख्या माणसांनी त्यासाठी गावंच्या गावं कामाला लावली, आणि त्या अधिवेशनात शेतसारा, खंड, शेतकऱ्याचं कर्ज यांवर कार्यक्रम मंजूर झाला. तेव्हा जाती नव्हत्या का? आजच्यापेक्षा घट्ट होत्या. तेव्हा जाती आहेत म्हणून विकास नाही, हे विधान आम्हाला आळशी वाटते.

आता दुसरी बाजू. खान्देशात आज जे डोळ्यात भरतं ते काय? केळी. रावेर, यावल, चोपडा या पट्ट्यातली बाग, ठिबक, टिश्यू कल्चरची रोपं, सावद्याहून दिल्लीला जाणारी केळीची वाघीण. भवरलाल जैनांनी जळगावात ठिबकचा उद्योग उभा केला आणि शेतकऱ्यानं तो बांधावर नेला. हे खरंच मोठं काम आहे. पण त्याचं स्वरूप नीट पाहा. ठिबक माझ्या शेतात, विहीर माझी, ट्यूबवेल माझी, कर्ज माझ्या सातबाऱ्यावर. गावातल्या भाऊबंदांच्या ओळखीवर, जातीतल्या विश्वासावर हे सगळं चालू शकतं. फ्रूट सेल सोसायट्या याच विश्वासावर चालल्या.

आणि जे उभं राहिलं नाही ते काय? नदी. तापी आपल्या उशाशी वाहते. दर पावसाळ्यात बातमी येते, हतनूरचे ४१ दरवाजे उघडले. ते पाणी जातं कुठे, तर उकाईला. महाराष्ट्राच्या वाट्याला तापी खोऱ्यातलं १९१.४ टीएमसी पाणी आलेलं आहे, पण ते अडवायची कामं रेंगाळलेली. अमळनेर तालुक्यातला पाडळसरे इथला निम्न तापी प्रकल्प घ्या. १९९० च्या दशकाच्या शेवटी मान्यता मिळाली, पाव शतक उलटलं, धरण अजून पूर्णत्वाला गेलेलं नाही. इकडे केळी पट्ट्यात भूजल खाली खाली चाललं आहे. म्हणजे माझ्या बांधाच्या आत पाणी वाचवण्यात आम्ही देशात पुढे, आणि बांधाबाहेरचं पाणी अडवण्यात मागे.

एका समाजाला एकट्यानं जमणारी कामं इथे झाली. चार समाजांनी, पाच तालुक्यांनी मिळून दहा-वीस वर्षं लावून धरायची कामं अडली. खान्देशापुरतं आमचं पहिलं निरीक्षण हे.

असं का झालं, याची दोन उत्तरं आपल्याकडे ओट्यावर ऐकायला मिळतात. पहिलं : खान्देशाला कधी मुख्यमंत्रीपद मिळालं नाही. दुसरं : सगळं पश्चिम महाराष्ट्रानं नेलं.

दुसऱ्या उत्तरात काही तथ्य आहे. १९९४ साली वैधानिक विकास मंडळं झाली ती तीन : विदर्भ, मराठवाडा आणि 'उर्वरित महाराष्ट्र'. आपण या 'उर्वरित' मध्ये गेलो. त्यात पुणेही आहे, मुंबईही आहे आणि सातपुड्यातला पाडाही आहे. सरासरी काढली की आकडा छान दिसणार, आणि पाडा त्या सरासरीखाली गाडला जाणार. विदर्भाचा आणि मराठवाड्याचा अनुशेष निदान मोजला गेला, त्यावर भांडण तरी झालं. आपला वेगळा मोजला जावा म्हणून आपल्या किती आमदारांनी सभागृह अडवलं, हा प्रश्न मात्र आपण स्वतःला विचारत नाही.

पहिलं उत्तर मात्र आम्हाला मान्य नाही. मुख्यमंत्रीपद मिळालं नाही हे खरं. पण खाती? एकनाथराव खडसे युतीच्या पहिल्या सरकारात अर्थमंत्री होते, पुढे पाटबंधारे मंत्री होते. गिरीशभाऊ महाजन २०१४ ते २०१९ जलसंपदा मंत्री होते. म्हणजे पाण्याचं खातं या जिल्ह्याकडे दोनदा आलं. मधुकरराव चौधरी विधानसभेचे अध्यक्ष होते. प्रतिभाताई पाटील तर राष्ट्रपती झाल्या. आम्ही इथे कुणाच्या हेतूवर बोट ठेवत नाही. धरणाला पैसा लागतो, भूसंपादन लागतं, केंद्राच्या मान्यता लागतात, हे आम्हाला कळतं. आमचा मुद्दा मतदाराचा आहे. खातं आपल्याकडे होतं तेव्हा आपण हिशेब मागितला का? पाडळसऱ्यासाठी स्थानिक लोकांनी आंदोलनं केली, ती किती तालुक्यांनी आपली मानली?

इथे आमच्या आजच्या म्हणण्याचा गाभा येतो. जात विकास थेट अडवत नाही. ती नेत्याला हिशेबातून सोडवते. 'कसा का असेना, तो आपला शे' हे वाक्य एकदा म्हटलं की पुढचे सगळे प्रश्न संपतात. कारखाना बंद पडला तरी तो आपला. धरण रखडलं तरी तो आपला. ज्याची मतं काहीही झालं तरी पक्की आहेत, त्यानं धावपळ का करावी? आणि ज्याला काहीही केलं तरी मतं मिळणार नाहीत, त्यानं तरी त्या गावात रस्ता का न्यावा?

केनियातल्या रस्त्यांचा एक अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. १९६३ नंतरचा रस्त्यांवरचा खर्च संशोधकांनी जिल्हावार तपासला. हुकूमशाहीच्या काळात राष्ट्राध्यक्षाच्या जमातीच्या जिल्ह्यांना लोकसंख्येच्या प्रमाणाबाहेर, जवळपास दुप्पट खर्च मिळत होता. बहुपक्षीय लोकशाहीच्या काळात हा भेदभाव जवळजवळ नाहीसा झाला. जमाती त्याच होत्या. बदललं ते एवढंच, की राज्यकर्त्याला जाब द्यावा लागू लागला.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडे तर निवडणुका पहिल्यापासून आहेत. बरोबर. पण मत आधीच ठरलेलं असेल तर निवडणूक होऊनही जाब द्यावा लागत नाही. २०२४ ची धुळे लोकसभा आठवा. पाच विधानसभा क्षेत्रांत एक उमेदवार पुढे. मालेगाव मध्य या एकाच क्षेत्रात दुसऱ्याची आघाडी इतकी, की पाचही ठिकाणची पिछाडी भरून निघाली आणि निकाल चार हजारांच्या आत लागला. त्यानंतर पंधरा दिवस चर्चा कशाची? कुणाची मतं कुणाला गेली याची. ज्या मालेगावात आणि धुळ्यात यंत्रमागावर हजारो घरं चालतात, तिथल्या विजेच्या दराची, सुताच्या भावाची चर्चा दोन्ही बाजूंनी झाली नाही. दोन्ही बाजूंची मतं पक्की होती, म्हणून दोन्ही बाजू प्रश्नांतून सुटल्या.

याची किंमत कधी पैशात मोजली जाते, कधी जिवात. ६ जानेवारी २०१३ ला धुळ्यात एका हॉटेलातल्या बिलावरून बाचाबाची झाली. संध्याकाळपर्यंत पोलीस गोळीबारात माणसं पडली. सहा तरुण गेले. ज्या शहरात बिलाचं भांडण धर्माचं होतं, तिथे बाहेरचा उद्योजक कारखाना टाकताना दहा वेळा विचार करणार. आणि जे आहेत त्यांतलेही, ज्यांना जमतं ते, पोरांना नाशिक-पुण्याला पाठवून देणार.

आता गंमत बघा. जातीची ही भांडणं खालीच असतात. जळगाव जिल्हा बँकेच्या निवडणुकीत 'सर्वपक्षीय पॅनल' हा शब्द नवा नाही. विधानसभेला ज्यांच्यासाठी गावात दोन भाऊ बोलेनासे होतात, ते नेते बँकेत एका टेबलाला बसू शकतात. बसावं, आम्हाला आनंदच आहे. पण मग तापीसाठी का नाही बसत? दरम्यान फैजपूरचा मधुकर साखर कारखाना, चाळीसगावचा बेलगंगा, दोन्ही शेतकऱ्यांच्या शेअरवर उभे राहिले आणि कर्जापायी बँकेच्या ताब्यात जाऊन विकले गेले. शेअर सगळ्या जातींचे होते. बुडताना कुणाची जात आडवी आली नाही.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो रास्त आहे. जातीच्या, जमातीच्या नावानं संघटित होणं हे नेहमी वाईटच का? नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, शहादा तालुक्यात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटनेनं भिल्ल शेतमजुरांना उभं केलं. त्यांनी मजुरी मागितली, गेलेली जमीन मागितली. अशा लढ्यांच्या काळातच १९७४ चा आदिवासींच्या जमिनी परत देण्याचा कायदा झाला, आणि तो सगळ्या महाराष्ट्राला लागू झाला. ही ओळख हक्क मागण्यासाठी वापरली गेली; नेत्याला झाकण्यासाठी नाही. दोन्हीला आपण 'जातीचं राजकारण' म्हणून एकाच पोत्यात भरतो, ते चुकीचं आहे.

दुसरा आक्षेप शिरपूरचा. तिथे अमरीशभाई पटेल संख्येनं लहान समाजातून आले, अनेक वर्षं निवडून आले, आणि नाल्यांचं खोलीकरण-रुंदीकरण करून पाणी जिरवण्याचा 'शिरपूर पॅटर्न' राज्यभर गेला. आमच्या मते याचं एक कारण असं, की ज्याला जातीची गठ्ठा मतं नाहीत त्याला कामाचीच मतं मिळवावी लागतात. पण शिरपूरची मर्यादाही सांगितली पाहिजे. काम एका माणसाभोवती उभं राहतं. शेतकऱ्यांचा साखर कारखाना तिथेही वर्षानुवर्षे बंद राहिलाच. चांगला नेता मिळणं हे नशीब झालं. हिशेब मागणारी संस्था असणं ही व्यवस्था झाली.

मग करायचं काय? आम्ही जात विसरा असं सांगणार नाही. ते सांगून कुणी विसरत नाही. आम्ही तीन साधे प्रश्न देतो. उमेदवार कुठल्याही जातीचा असो, आपल्या जातीचा असेल तर आधी, त्याला विचारा : पाडळसऱ्याचं यंदा किती काम झालं? सुलवाडे-जामफळ योजनेचं आणि मनमाड-इंदूर रेल्वेचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१९ मध्ये झालं. रेल्वेला मंत्रिमंडळाची मंजुरी मिळायला सप्टेंबर २०२४ उजाडला. आज माझ्या तालुक्यात दोन्हीची स्थिती काय? आणि तिसरा : जिल्हा बँकेचं थकीत कर्ज कुणाकडे किती?

आपल्या जातीच्या माणसाला हे विचारणं अवघड असतं. दुसऱ्या जातीच्या माणसाला विचारलं तर विरोध समजतात. आपल्याला विचारलं तर गद्दारी समजतात. पण खान्देशाचं पाणी अडायचं असेल तर पहिल्यांदा हा प्रश्न आपल्याच ओट्यावर, आपल्याच भाऊबंदांत विचारावा लागेल.

आमचे म्हणणे संपले. प्रश्न असतील तर जरूर विचारा, आणि नावं घेऊन विचारा.