मूषकवेदनेचे मोजमाप : तीन उपकरणे व एक शंका

औषधशास्त्राच्या प्रयोगशाळेत उंदराची सूज, वेदना व शक्ती मोजणारी उपकरणे एकाच टेबलावर मांडलेली असतात. तिन्हींतून आकडे मिळतात आणि प्रबंधाच्या कोष्टकात ते सारख्याच विश्वासाने शेजारी शेजारी बसतात. परंतु हे आकडे सारख्याच योग्यतेचे आहेत काय? प्रस्तुत टिपणात ह्याच प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम सूज घेऊ. विंटर, रिस्ले व नस यांनी १९६२ साली मांडलेल्या पद्धतीत उंदराच्या मागील पंजाच्या तळव्यात कॅराजीननचे द्रावण टोचतात व काही तासांनी तो पंजा घोट्यावरील खुणेपर्यंत प्लेथिस्मोमीटरच्या नळीत बुडवितात. जेवढा द्रव बाजूस सारला जातो, तेवढे पंजाचे आकारमान. येथे जे मोजावयाचे तेच मोजले जाते. पंजा कमीअधिक बुडाला तर चूक होते खरी. पण ती हाताची चूक होय, विचाराची नव्हे.

वेदनेची गोष्ट निराळी आहे. द'आमूर व स्मिथ यांनी १९४१ मध्ये प्रकाशझोताने शेपूट तापवून ती झटकण्यास लागणारा वेळ मोजला. वुल्फ व मॅक्डोनल्ड यांनी १९४४ मध्ये तप्त तबकडी योजिली. रँडॉल व सेलिट्टो यांनी १९५७ मध्ये सुजलेल्या पंजावर वाढता दाब दिला. ह्या सर्वांत नोंदली जाते ती प्राण्याची हालचाल. वेदना हे आपण तीवरून केलेले अनुमान. शेपूट झटकण्याची क्रिया तर मज्जारज्जूचा मेंदूशी संबंध तोडल्यावरही घडते. जेथे मेंदूपर्यंत वार्ताच पोहोचत नाही, तेथे वेदना मोजली असे कसे म्हणावे? शिवाय, गुंगी आणणारे वा स्नायू शिथिल करणारे द्रव्य दिलेला उंदीर तबकडीवर अधिक वेळ थांबतो, आणि कोष्टकात ते द्रव्य वेदनाशामक ठरते!

ही शंका फेडण्यासाठी शक्तिमापकाकडे वळावे लागते. उंदराने पुढील पायांनी दांडी पकडली की त्यास शेपटीकडून आडवे ओढतात; पकड सुटेपर्यंत लावलेले महत्तम बल यंत्र नोंदविते. औषधानंतरही हे बल कायम असेल, तर तबकडीवरील विलंब केवळ दुर्बळतेमुळे नाही, असे म्हणण्यास आधार मिळतो. परंतु हा साक्षीदारही निर्दोष नव्हे. ओढणाऱ्याचा वेग बदलला की आकडा बदलतो. स्नायूत दाह उत्पन्न केल्यास पकड ढिली पडते व अफूवर्गीय औषधाने ती सुधारते. तेव्हा घटलेला आकडा दुर्बळतेचा की वेदनेचा, हे यंत्र एकट्याने सांगू शकत नाही.

ह्यावर कोणी म्हणेल की, मॉर्फिनसारख्या औषधांची पारख ह्या चाचण्यांनी उत्तम केली आहे. हे मान्य केले पाहिजे. पण परिचित औषधाची ओळख पटणे निराळे आणि अपरिचिताची परीक्षा निराळी. ‘पदार्थ-पी’च्या ग्राहकांना अडविणारी द्रव्ये मूषकांत वेदनाशामक भासली, मानवी चाचण्यांत मात्र त्यांनी निराशा केली. त्याच वर्गातील अप्रेपिटंट २००३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले, ते वांती रोखण्यासाठी. प्राणिजातींतील भेदही ह्यास कारण असेल. तथापि हालचालीस वेदना म्हणण्याची सवय सर्वस्वी निर्दोष मानता येत नाही. २०१४ मध्ये तर असे दिसून आले की, खोलीत पुरुष प्रयोगकर्ता असल्यास त्याच्या गंधाने उंदीर ताणाखाली येतात व त्यांचे वेदनेचे प्रतिसाद मंदावतात. उपकरण तेच, आकडा निराळा!

तेव्हा आग्रह इतकाच : कोष्टकाच्या शीर्षस्थानी ‘वेदना’ न लिहिता ‘पंजा मागे घेण्यास लागलेला वेळ’ असे लिहावे; तबकडीच्या आकड्याशेजारी त्याच मात्रेवरील शक्तीचा आकडा द्यावा; आणि प्रयोग कोणी केला, भाजू नये म्हणून प्राण्यास किती सेकंदांनी उचलले, हेही नोंदवावे. प्रत्येक आकड्यामागे एका मुक्या जीवाने उष्णता वा दाब सोसलेला असतो. त्या आकड्याचा अर्थच आपणांस सांगता येत नसेल, तर ते सोसणे व्यर्थ गेले असे म्हणावे लागेल.