खिडकी कोणाच्या हुकमतीत?

काही वर्षांपूर्वी मी संगणकावर पासवर्ड टाइप करत होतो. नजर कीबोर्डवर होती. मान वर केली, तेव्हा पासवर्डची निम्मी अक्षरे मध्येच उघडलेल्या भलत्याच खिडकीत सर्वांना दिसतील अशी पडली होती. ती खिडकी मी मागवली नव्हती. तिला पुढे येण्याचा अधिकार कोणी दिला, या प्रश्नाने मला पुढे बरेच वाचायला लावले.

प्रोग्रामर अशा स्वतंत्र खिडकीला ‘टॉप-लेव्हल विंडो’ म्हणतात. नाव फसवे आहे. ती सर्वांत वर असतेच असे नाही. ती प्रोग्रामच्या दुसऱ्या कोणत्याही खिडकीच्या पोटात नसते, एवढाच त्याचा अर्थ. बटणे, मजकुराच्या चौकटी तिच्या आत असतात आणि त्यांची जागा प्रोग्रामने ठरवावी हे योग्यच. ती स्वतः मात्र इतर प्रोग्रामांच्या शेजारी, सामायिक पडद्यावर उतरते. माझ्या वाचनातल्या शिकाऊ पुस्तकांनी दोन्हींसाठी ‘तयार करा’ हे एकच क्रियापद वापरले आहे. माझा पहिला आक्षेप त्यालाच आहे. बटण तयार करता येते. पडद्यावरची जागा मागावी लागते.

एमआयटीत १९८४ साली सुरू झालेल्या आणि १९८७ मध्ये अकराव्या आवृत्तीला पोहोचलेल्या ‘एक्स’ प्रणालीने हा भेद ओळखला होता. प्रणालीने साधने पुरवावीत, धोरण लादू नये, ही तिची भूमिका. धोरण सांभाळतो तो ‘विंडो मॅनेजर’ हा वेगळा प्रोग्राम. कोणी टॉप-लेव्हल खिडकी दाखवू पाहिली, की ती मागणी त्याच्याकडे वळवली जाते आणि जागा व आकार तो ठरवतो. उलट बाजूनेही तसेच. आपण फुली दाबतो तेव्हा, प्रोग्रामने तशी तयारी दाखवली असेल तर, खिडकी थेट मोडली जात नाही. बंद होण्याची विनंती प्रोग्रामकडे जाते. म्हणून ‘लिहिलेले साठवायचे का?’ हे विचारायला त्याला सवड मिळते. दोन्हीकडून विनंती, हा या रचनेचा मोठा गुण आहे.

पण तो विश्वासावर उभा होता. मेनूसारख्या क्षणिक खिडक्यांसाठी ‘ओव्हरराइड-रिडायरेक्ट’ ही सवलत ठेवली होती. ती खूण लावलेली खिडकी विंडो मॅनेजरला वळसा घालते, आणि खूण कोणी लावावी यावर पहारा नव्हता. ‘विंडोज’नेही ९८ आणि २००० या आवृत्त्यांपासून पुढे घुसणाऱ्या खिडक्यांना लगाम घातला. हक्क नसलेल्या प्रोग्रामचे टास्कबारवरचे बटण आता नुसते लुकलुकते.

क्रिस्टियान होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या ‘वेलँड’ने सवलतीचे दारच लावून घेतले. तिथे पडद्याचे चित्र जुळवणारा ‘कंपोझिटर’ हाच कारभारी. टॉप-लेव्हल खिडकीला शीर्षक आणि किमान आकार कळवता येतो, पडदाभर पसरण्याची विनंती करता येते. पण ‘मला अमुक जागी ठेवा’ असे म्हणायला नियमांत शब्दच नाही. आपण पडद्यावर कुठे आहोत, हेही तिला कळत नाही. कीबोर्ड कोणाच्या हाती द्यायचा, हेही कंपोझिटरच ठरवतो.

पासवर्डचा प्रसंग आठवून मी या कडकपणाचे स्वागत करतो. तरी एक उणीव खुपते. ‘गिंप’ या चित्रांच्या प्रोग्रामची हत्यारे आणि चित्रे अनेक वर्षे वेगवेगळ्या खिडक्यांत उघडत. एकाच खिडकीची सोय २०१२ च्या २.८ आवृत्तीत आली. वेगळ्या खिडक्यांत काम करणारा त्या आपल्या हाताच्या सवयीने लावून घेतो. दुसऱ्या दिवशी ती मांडणी जशीच्या तशी परत लावायची, तर जागा सांगण्याचा मार्ग प्रोग्रामकडे नाही. घुसखोर खिडकी आणि माणसाने स्वतः लावलेली खिडकी यांना एकच नियम लागू होतो.

कारभार प्रोग्रामकडून काढून कंपोझिटरकडे दिला, म्हणजे तो वापरणाऱ्याकडे आला असे नाही. कंपोझिटरही कोणीतरी लिहिलेला प्रोग्रामच आहे. म्हणून खिडक्यांच्या कोणत्याही व्यवस्थेला मी दोन प्रश्न विचारतो: न बोलावलेली खिडकी ती अडवते का, आणि मी काल जिथे ठेवली होती तिथे माझी खिडकी मला आज मिळते का? ‘एक्स’ दुसऱ्यात उत्तीर्ण होते, ‘वेलँड’ पहिल्यात. मला दोन्ही हवे आहे.